मागच्या रेषेवरचं शटल

डेरेक प्लमली मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही आणि मी ते कधी लपवलंही नाही. चोपन्न वर्षांचा, गुडघ्यांतून वाकलेला, लालबुंद मानेचा हा इंग्रज फ्रिस्कोच्या आमच्या बॅडमिंटन हॉलमध्ये आला तो स्वतःच्या चहाचा थर्मास घेऊन. अंगात इंग्लंडच्या पथकाचं जुनं निळं जॅकेट, छातीवरचा बिल्ला अर्धा उसवलेला. टेक्सासचा ऑगस्ट, पार्किंगमधलं डांबर बुटाला चिकटतंय, आणि ह्याच्या अंगात जॅकेट. मी मुलांकडून टॉस मारून घेत होते. तो माझ्यामागे येऊन उभा राहिला, दोन मिनिटं बघितलं आणि मुलांच्या देखत विचारलं, "ह्या फटक्याला तुम्ही काय म्हणता?"

"टॉस."

"टॉस नाण्याचा करतात. शटल उंच मारून मागच्या रेषेपर्यंत पोहोचवलं की त्याला क्लियर म्हणतात." मग माझ्या पायांकडे बघून म्हणाला, "आणि हे फुटवर्क तुला कुणी शिकवलं? कुठल्या साली?"

मुलं हसली. इंग्रजीत तू आणि तुम्ही वेगळं नसतं म्हणतात, पण त्याच्या आवाजात 'तू'च होतं. नागपुरात आम्ही सगळे टॉसच म्हणायचो. टॉस म्हणत म्हणत मी सलग तीन वर्षं विद्यापीठाची चॅम्पियन होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी म्हटलं, "चला रे, आणखी वीस टॉस." शब्द मुद्दाम मोठ्याने उच्चारला.

हा हॉल कसा उभा राहिला ते सांगायला हवं, नाहीतर मी उगाच चिडकी बाई वाटेन. तशी मी चिडकी आहेच, पण उगाच नाही. मी नवऱ्याच्या, अमितच्या व्हिसावर अमेरिकेत आले. मला कामाची परवानगी नव्हती. आठ वर्षं मी घरात बसून पोळ्या केल्या आणि संध्याकाळी एका प्राथमिक शाळेच्या जिममध्ये, जमिनीवर चिकटपट्टीच्या रेषा आखून, आपल्या लोकांच्या मुलांना फुकट बॅडमिंटन शिकवलं. ग्रीन कार्ड आलं तेव्हा त्याच मुलांच्या पालकांना गोळा करून, स्वयंपाकघराच्या ओट्यांचे दगड विकणाऱ्या दुकानाशेजारचं हे गोदाम भाड्याने घेतलं. सहा कोर्ट. हिरव्या मॅट मी आणि अमितने स्वतः अंथरल्या. दारातल्या पाटीवर 'मुख्य कोच : नीलांबरी' असं लिहिलं तेव्हा मी गाडीत बसून रडले होते. ह्या देशात माझं म्हणावं असं ते एकच ठिकाण होतं.

आणि मग पालकांच्या कमिटीला गोरा कोच हवासा झाला.

कमिटीचा अध्यक्ष राजेश. मूळचा पुण्याचा, एका बँकेच्या आयटीत डायरेक्टर, बोलण्यात साखर. "नीलांबरी, यार, तू आमची फाउंडेशन आहेस," तो म्हणाला. फाउंडेशन म्हणजे पाया, आणि पाया जमिनीखाली असतो. "पण मुलांना इंटरनॅशनल एक्सपोजर पाहिजे ना? कॉलेजच्या अर्जात 'इंग्लंडच्या नॅशनल कोचकडे ट्रेन झाले' लिहिलं की बघ कसा फरक पडतो." वेबसाइटवर राजेशने डेरेकचं 'इंग्लंडचा माजी स्टार' असं वर्णन टाकलं. डेरेकने स्वतः पहिल्याच पालकसभेत सांगितलं होतं की तो चार वर्षं पथकात होता, मिश्र दुहेरीत त्याची जागतिक क्रमवारी एकसष्टच्या वर कधी गेली नाही, मग गुडघा गेला आणि एका वर्षी पथक लहान केलं त्यात हाही गेला. त्यानंतर स्वित्झर्लंड, मग दुबई, मग इथे. "आमच्याकडे माजी खेळाडू भरपूर आहेत, त्यांना नोकरी देणारे हॉल कमी," असं तो म्हणाला. सगळे पालक कौतुकाने हसले. मी तेच बोलले असते तर म्हणाले असते, बिचारी.

सहा महिन्यांत हॉलचे दोन तुकडे झाले. निम्मी मुलं त्याच्याकडे, निम्मी माझ्याकडे. राजेशची मुलगी अनन्या मी सातव्या वर्षापासून घडवलेली, ती त्याच्याकडे गेली. माझ्याकडे राहिली ती रुचा.

रुचा पंधरा वर्षांची. तिची आई दीपा माझी मैत्रीण, म्हणून रुचा मला मावशी म्हणते. कोर्टवरसुद्धा. बाकीची मुलं 'कोच, कोच' करतात, ही एकटी "मावशी, वन मोअर!" ओरडते. हिच्याइतकी जिद्दी पोर मी नागपुरातही पाहिली नाही. प्रत्येक मॅचनंतर मी तिला एक काम देते. दीपाने कोर्टाच्या मागे तिपाईवर फोन लावून काढलेला व्हिडिओ घरी बघायचा आणि हरलेला प्रत्येक पॉइंट वहीत लिहायचा. स्कोर काय होता, चूक काय, चूक कुणाची. बाकीच्या मुलांच्या आया वह्या लिहून देतात, ही स्वतः लिहिते. पाच वर्षांच्या अकरा वह्या आहेत तिच्या.

मी तिला एक गोष्टही दिली होती, माझी. राज्याच्या ज्युनिअर संघाची निवड चाचणी होती. शेवटची मॅच. रेषेवर बसायला पंच कमी पडले म्हणून समोरच्या मुलीच्या क्लबच्या सरांना खुर्ची दिली. माझं शटल मागच्या रेषेवर पडलं, पांढऱ्या पट्टीवर, शटलचं बूच टेकलेलं मला चाळीस फुटांवरून दिसलं. सरांच्या पायाशी पडलं होतं ते. त्यांनी शटलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हात बाजूला पसरले. आउट. संघ गेला. पुढे बी.कॉम., लग्न, व्हिसा. त्या सरांचं नाव मी कधी तोंडातून काढत नाही. रुचाला ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली होती की ती मधले शब्द आधीच म्हणायची. "अँड ही सॉ इट, मावशी. ही टोटली सॉ इट." मग मी म्हणायची, "म्हणून सांगते, आपल्या बाजूच्या रेषेवर शंका आली तर ती आपली. जग तुला काही देणार नाही."

इथल्या छोट्या स्पर्धांत रेषेवर पंच नसतातच. ज्याच्या बाजूला शटल पडतं त्यानेच सांगायचं, आत की बाहेर. समोरच्याने ते मानायचं. डेरेकचं ह्यावर एक खूळ होतं. रोज सरावाआधी दहा मिनिटं तो मुलांना रेषेकडे पाठ करून उभं करायचा, मागे शटल टाकायचा आणि वळायला सांगायचा. आत की बाहेर? दिसलं असेल तर सांगा. दिसलं नसेल तर 'दिसलं नाही' म्हणा आणि पॉइंट पुन्हा खेळा. शंका असेल तर आत. "शंकेचा फायदा समोरच्याचा," तो दहा वेळा म्हणायचा. मी माझ्या मुलांना शेजारच्या कोर्टवरून मराठीत म्हटलं, "दीडशे वर्षं आपल्याला लुटून झालं, आता रेषेवर सभ्यता शिकवतायत." मुलं हसली. त्याला कळलं नाही, पण कुणावर हसतायत ते कळलं.

एकदा तो माझ्याजवळ आला. मी कोर्टामागच्या खुर्चीवर बसले होते, रुचाची सराव मॅच चालली होती. तो थर्मासचं झाकण फिरवत म्हणाला, "तुझे हात फार बोलतात."

"म्हणजे?"

"ती मुलगी रेषेवरचा कॉल देण्याआधी तुझ्या गुडघ्याकडे बघते."

"तुझ्या मुलींकडे बघ तू," मी म्हटलं. पण कानशिलं तापली. कारण ते खरं होतं. आम्ही कधी ठरवलं नव्हतं. पाच वर्षांत आपोआप झालं होतं. तळहात गुडघ्यावर पालथा असला की आत, बाहेरच्या बाजूला वळला की बाहेर. मला त्या खुर्चीवरून तिच्यापेक्षा चांगलं दिसायचं, एवढंच. आणि मी तोवर खोटं कधी सांगितलं नव्हतं. हे मी आज शपथेवर सांगू शकते, तोवर खरंच नव्हतं.

मार्चमध्ये राजेशने आम्हा दोघांना बसवून सांगितलं की एका हॉलमध्ये दोन मुख्य कोच आता चालत नाहीत, पालकांची भांडणं होतायत. वसंतातली स्पर्धा आपल्याच हॉलमध्ये आहे, ती झाली की कमिटी एकाचं नाव नक्की करेल. "रिझल्ट्स बघून," असं तो म्हणाला. डेरेक खिडकीबाहेर बघत होता. मी विचारलं, "आणि दुसऱ्याने काय करायचं?"

"असिस्टंट म्हणून राहता येईल, यार. आपण फॅमिली आहोत."

मी बांधलेल्या हॉलमध्ये मी डेरेक प्लमलीची असिस्टंट. त्याच्या चहाचा थर्मास भरायचा तेवढा बाकी राहिला असता. घरी येऊन मी अमितला म्हटलं, "मी मरेन पण हे करणार नाही." तो म्हणाला, "सोडून दे ना मग." त्याला काय, त्याच्या पाट्या कंपनीत दर दोन वर्षांनी बदलतात.

मुलींच्या सतरा वर्षांखालच्या गटात फायनलला कोण आलं हे सांगायला नको. रुचा आणि अनन्या.

रविवारची दुपार. हॉल खचाखच. पालकांनी घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या, कुणी ढोकळा आणला होता, आणि कोर्टाच्या मागे तिपायांची रांग लागली होती. आपल्या लोकांना पोरांची मॅच डोळ्यांनी बघताच येत नाही, फोनमधून बघावी लागते. आयोजकांच्या टेबलावर एकच निरीक्षक, त्याच्याकडे चार कोर्टं. रेषेवर कुणी नाही. मी रुचाच्या मागच्या खुर्चीवर, डेरेक समोरच्या टोकाला अनन्याच्या मागे. आमच्यामध्ये पूर्ण कोर्ट. मॅचभर मी त्याचा चेहरा बघत होते आणि तो माझा.

पहिला गेम रुचाचा. दुसरा अनन्याचा. मधल्या वेळात डेरेक अनन्यापाशी गेला, दोन वाक्यं बोलला आणि परत बसला. मी रुचाच्या कानाशी दोन मिनिटं बडबडत होते. "तिला मागे ढकल. ती थकलीये. टॉस, टॉस, मग जाळीपाशी हळूच ड्रॉप. कळलं?" रुचा मान हलवत होती, घामाने तिच्या पापण्या चिकटल्या होत्या. "मावशी, माझे पाय गेलेत." मी म्हटलं, "पाय गेले तर गुडघ्यांवर खेळ."

तिसरा गेम मी आता सगळा सांगत नाही. अकरा-नऊ, पंधरा-पंधरा, अठरा-अठरा. अनन्या सुंदर खेळत होती, हे म्हणायला आज माझं काही जात नाही. डेरेकने तिचं फुटवर्क बदललं होतं आणि ते चांगलं झालं होतं. मला ते दिसत होतं म्हणून जास्तच राग येत होता. एकोणीस-एकोणीसला रुचाने जाळीपाशी एक नाजूक पॉइंट काढला. वीस-एकोणीस. मॅच पॉइंट.

लांबलचक रॅली झाली. रुचा जाळीपाशी ओढली गेली, आणि अनन्याने तिच्या डोक्यावरून उंच टॉस मारला. क्लियर म्हणा हवं तर. रुचा वळली, धावली, तिसऱ्या पावलाला तिचा बूट मॅटवर अडकला आणि ती पालथी पडली. शटल वर गेलं, वळलं आणि सरळ खाली आलं. माझ्या पावलांपासून हातभर अंतरावर, मागच्या रेषेवर. बूच पांढऱ्या पट्टीच्या मधोमध टेकलं. काठावर नाही, मधोमध. मग उडून बाहेर घरंगळलं.

मला दिसलं. ते मला जितकं स्वच्छ दिसलं तितकं आयुष्यात फार कमी काही दिसलंय.

रुचाने जमिनीवरून मान वळवली तेव्हा शटल बाहेर पडलेलं होतं. तिला काही दिसलं नव्हतं. तिने म्हणायला हवं होतं, दिसलं नाही, पुन्हा खेळू. शेजारच्या कोर्टवर सहा महिने ते वाक्य तिच्या कानांवर पडत होतं. पण ती माझी मुलगी होती. तिने माझ्या गुडघ्याकडे बघितलं.

माझा हात बाहेर वळला.

मी ठरवलं होतं का? लोक अशा वेळी म्हणतात की कसं झालं कळलंच नाही. मला सगळं कळलं. पाटी दिसली, असिस्टंट हा शब्द ऐकू आला, डेरेकचा थर्मास दिसला. हात मी वळवला.

"आउट!" रुचा ओरडली.

माझी माणसं खुर्च्यांवरून उठली. कोर्टात एकच कल्ला. अनन्या जागेवर उभी होती, रॅकेट लोंबत होती, ती बापाकडे बघत होती. राजेश टेबलापाशी गेला, निरीक्षकाने खांदे उडवले, म्हणाला, जवळच्या खेळाडूचा कॉल, तोच शेवटचा. डेरेक उठला नाही. तो एवढ्या लांबून रेषेकडे बघतच नव्हता. तो माझ्या हाताकडे बघत होता. मी हात मांडीखाली घातला.

संध्याकाळी पार्किंगमध्ये तो त्याच्या गाडीला टेकून उभा होता. मी त्याला टाळून जाणार होते, पण माझी गाडी पलीकडेच होती.

"त्या खुर्चीवरून मला मागची रेषा दिसत नाही," तो म्हणाला. "पण तू दिसतेस."

"मग जा, सांग कमिटीला."

"नोकरी जाणाऱ्या माणसाचं कोण ऐकतं? मी तसलं रडगाणं गाणार नाही." त्याने थर्मास गाडीत फेकला. "तुला वाटतंय मी मोठ्या मनाने गप्प बसतोय. तसं नाही. मला तू आवडत नाहीस. तुझ्या मुलांना तू खेळ शिकवतेस आणि त्याबरोबर हेही शिकवतेस. ती मुलगी अजून तीन वर्षं तुझ्याकडे आहे. मजा कर."

"तुमच्या देशातून आम्हाला प्रामाणिकपणाचे धडे नकोत," मी म्हटलं. वाक्य चांगलं जमलं होतं. तो गाडीत बसला, काच वर केली आणि निघून गेला. मला जिंकल्यासारखं वाटलं, साधारण टोल रोडच्या सिग्नलपर्यंत.

मंगळवारी कमिटीने माझं नाव नक्की केलं. राजेशने स्वतः फोन केला. आवाजात साखर कमी होती, पण रिझल्ट्स बघून असं त्यानेच म्हटलं होतं, तोंड कुठे फिरवणार? डेरेकला असिस्टंट म्हणून राहायला सांगितलं. तो नाही म्हणाला. दूर बेलव्ह्यू गावातल्या एका क्लबने त्याला बोलावलं होतं, तिथेही आपलेच लोक, आपलीच कमिटी. मी मनात म्हटलं, शिकव त्यांना रेषा. अनन्याने खेळ सोडला असं दीपाकडून कळलं. डिबेटमध्ये जाणार म्हणे. दीपा पेढे घेऊन आली होती. "रुचा दोन दिवस जरा गप्प आहे," ती म्हणाली, "दमली असेल. व्हिडिओ बघायचाय म्हणून माझा फोन घेऊन बसली होती."

तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. दीपाची तिपाई माझ्या खुर्चीच्या मागे, जरा तिरकी होती. पाच वर्षांपूर्वी ती जागा मीच तिला दाखवली होती. इथून मागची रेषा चांगली येते, असं मीच सांगितलं होतं.

बुधवारी रुचा सरावाला आली. नेहमीसारखी वही माझ्या हातात दिली. मी चाळली. तिसऱ्या गेमचं पान भरलेलं होतं. स्कोर, चूक, कुणाची. 'नेटमध्ये. माझी.' 'उशिरा पोहोचले. माझी.' एकेक ओळ नीट. शेवटच्या ओळीत वीस-एकोणीस एवढंच, पुढे कोरं.

"हे कोरं का?" मी विचारलं. "हा तर आपण जिंकला ना पॉइंट. जिंकलेला लिहायचा नसतो."

"आय नो," ती म्हणाली. बॅगेतून रॅकेट काढत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "एक गेम खेळायचा? तू आणि मी?"

आम्ही कधीकधी खेळतो. एकवीसचा एक गेम, बाकीची मुलं कडेला बसून बघतात. मी अजून तिच्याविरुद्ध पंधरापर्यंत पोहोचते. मुलं बसली. मी सर्व्हिस केली, तिने परत केलं, मी दोन्ही बाजूंना पळवलं आणि मागच्या कोपऱ्यात टॉस टाकला. आत पडला. चांगला वीतभर आत.

रुचा शटलपाशी गेली, वाकून बघितलं आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "आउट."

मुलांमध्ये कुणीतरी हसलं. मला वाटलं चेष्टा करतेय. पुढच्या रॅलीत मी स्मॅश मारला, बाजूच्या रेषेच्या फूटभर आत.

"आउट."

"रुचा."

"आउट," ती म्हणाली. "माझ्या बाजूला पडलंय. माझा कॉल."

मुलं आता हसत नव्हती. तिसरं शटल मी मुद्दाम कोर्टाच्या मधोमध टाकलं, जिथे आंधळ्यालाही दिसेल. तिने ते उचललंही नाही, पडू दिलं.

"आउट."

मी जाळीपाशी गेले. आवाज खाली आणला. "ते आत होतं. सगळ्यांना दिसतंय."

"तुला कसं दिसलं? तू तर त्या टोकाला आहेस." तिचाही आवाज खाली होता. "आईच्या फोनमध्ये बूच दिसतंय, मावशी. मी स्लो करून बघितलं. लाइनच्या मधोमध. आणि त्याच फ्रेममध्ये तुझा हात आहे. मी सतरा वेळा बघितलं. मला वाटलं माझं काहीतरी चुकतंय."

मी काहीतरी म्हणणार होते. मी ते ह्या हॉलसाठी केलं, तुझ्यासाठी, असं काहीतरी.

"अनन्याने खेळ सोडला," रुचा म्हणाली. "आम्ही फर्स्ट ग्रेडपासून मैत्रिणी आहोत. तिला वाटतं मी चीट केलं. आणि मी केलंच ना? तोंडाने मीच म्हटलं." तिने नाक पुसलं. "मी व्हिडिओ कोणाला दाखवणार नाही. आईलाही नाही. तुझी पाटी राहू दे."

"रुचा, ऐक—"

"त्या सरांचं नाव काय होतं?"

"कुठल्या?"

"तुझ्या. नागपूरच्या. पाच वर्षं तू मला त्यांची गोष्ट सांगतेस, नाव कधीच सांगितलं नाहीस. मला वाटायचं त्यांना नावच नसेल. आय यूज्ड टू हेट हिम सो मच." ती शटल उचलून आपल्या जागेवर गेली. मग म्हणाली, "तुमची जागा घ्या, कोच."

पाच वर्षांत तिने मला पहिल्यांदा कोच म्हटलं. आणि तुमची म्हटलं. आपल्या इथल्या पोरांना अहो-जाहो येत नाही असं आम्ही सगळे म्हणतो. हिला चांगलं येत होतं.

मी खेळले. काय करणार, मुलं बघत होती. वेगवेगळ्या जागी अठरा शटलं आत टाकली आणि अठरा वेळा तिने आउट म्हटलं. तो गेम मी एकवीस-शून्यने हरले. शेवटी जाळीवरून हात मिळवताना ती म्हणाली, "थँक यू, कोच," आणि वही तिथेच मॅटवर ठेवून गेली.

मला वाटलं ती क्लब सोडेल. सोडला असता तर बरं झालं असतं. ती रोज येते. वेळेवर येते, मी सांगते तितके टॉस मारते, एक कमी नाही. रोज सरावाच्या शेवटी माझ्याशी एक गेम मागते, आणि मुख्य कोच असून मी नाही म्हणू शकत नाही. बारकी पोरं कडेला बसून शिकत असतात. ती प्रत्येक शटलला आउट म्हणते आणि मी जाऊन ते उचलते आणि तिच्या हातात देते.